वालेंटीचा परवाना

नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत रेगिना साव्चुक सत्तावीस वर्षं बसली. दारूचे परवाने तिच्याकडे. दुकानं, खानावळी आणि समारंभांना जेवण पुरवणारे केटरिंगवाले. सही नगराध्यक्षांची असे, पण रेगिनाने पुढे ठेवलेला कागद ते वाचतसुद्धा नसत. त्या विश्वासाला तिने एकदाच तडा जाऊ दिला, वालेंटी दुदझिकच्या बाबतीत.

वालेंटी तिच्या शाळेतला, अगदी एका वर्गातला. नारेव्ह नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत त्याची व्हॅन पोरंसुद्धा ओळखायची. त्याच्या हातचं भाजलेलं बदक पानात नसेल तर लोकांना लग्न झाल्यासारखं वाटत नसे.

रेगिनाचा भाऊ झेनेक तिच्याहून बराच धाकटा. त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा मार्चमध्ये झाला. जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, अर्थातच वालेंटीचं. रेगिनाच्या नवऱ्याने, लुद्विकने, दारू सोडून चौदा महिने झाले होते. ती मुद्दाम स्वयंपाकघरात गेली.

"वालेंटी, लुद्विकला एक थेंबही मिळता कामा नये."

"मला सांगतेस होय? त्याच्यासाठी सफरचंदाचं सरबत वेगळं काढून ठेवलंय."

दुपार कलताना लुद्विक कुणाला न सांगता बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तो नदीच्या गुडघाभर पाण्यात सापडला. भरपूर प्यायला होता, असं डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधीनंतर आठवड्याने तिने झेनेकला घरी बोलावलं.

"वालेंटीनेच दिली ना त्याला?"

झेनेक फरशीकडे बघत म्हणाला, "हो. त्यानेच."

परवाना काढून घ्यायला एवढं पुरत नाही. झिंगलेल्या माणसाला आणखी दिली, असं सिद्ध व्हावं लागतं. झेनेकच्या जबाबात ते वाक्य रेगिनाने स्वतःच घातलं आणि त्याने खाली सही केली.

नगराध्यक्षांनी एकदा सुचवून पाहिलं, "रेगिनाबाई, तुमच्याच घरातलं प्रकरण आहे. दुसऱ्या कोणी बघितलं तर?"

"दुसरं आहे कोण इथे?" ती म्हणाली. त्यांनी फाइल तिच्याकडे परत सरकवली.

सुनावणीला वालेंटी टोपी गुडघ्यावर ठेवून समोर बसला. "मी दिली नाही, रेगिना," तो म्हणाला आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात तिने 'आरोप अमान्य' असं लिहून पुढचा प्रश्न विचारला.

परवाना रद्द झाला. तीन वर्षं नवा अर्ज करायची सोय नाही. त्या भागात दारूशिवाय लग्नाचं जेवण कोण सांगणार? वर्षाच्या आत वालेंटीने व्हॅन विकली आणि ब्याविस्तोक शहरातल्या एका इस्पितळात रुग्णांचं जेवण रांधायला लागला. रोज पहाटेची बस. त्याची बायको एमिलिया बाजारात रेगिना दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. रेगिनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याने केलं तो भोगतोय, असंच तिला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाला, लुद्विकच्या थडग्यावरची पानं झाडता झाडता झेनेक थांबला.

"ताई, लुद्विकला मी दिली होती."

तिनेही हातातला झाडू खाली ठेवला.

"पोरीच्या आनंदात होतो. म्हटलं, माझ्या लेकीसाठी एक घे. त्याने घेतली. मग बाटलीच उचलून गेला. वालेंटीने उलट त्याच्या हातातून पेला काढून घेतला होता."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठे? तू तर नाव सांगितलंस. मला सुटल्यासारखं झालं."

सोमवारी तिने सगळं स्वतःच्या हाताने लिहून नगराध्यक्षांपुढे ठेवलं. या वेळी त्यांनी कागद दोनदा वाचला. निर्णय रद्द झाला, तिला ताकीद मिळाली आणि जन्ममृत्यूच्या नोंदींच्या खोलीत बसवण्यात आलं. रद्द झाल्याचं पत्र टपालाने गेलं असतं, पण ती ते घेऊन वालेंटीच्या दारात गेली.

त्याने चष्मा लावून पत्र वाचलं. एमिलियाने चहा विचारला नाही.

"तुला ठाऊक होतं?" रेगिनाने विचारलं.

"झेनेकला लुद्विकच्या पेल्यात ओतताना मी बघितलं होतं."

"मग सुनावणीत बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. तू पुढच्या प्रश्नावर गेलीस." त्याने पत्राची घडी घातली. "नंतर ही म्हणत होती, जाऊन सांग तिला. मी म्हटलं, नवरा गेलाय तिचा, भाऊ तरी राहू दे."

"आता अर्ज कर, वालेंटी. लगेच मिळेल."

"कशासाठी? व्हॅन गेली, हाताखालची माणसं पांगली. साठी आली माझी."

"उगाच आलीस," एमिलिया खिडकीपाशी उभी राहून म्हणाली. "दोन वर्षं हा पहाटे चारला उठतोय."

रेगिना दाराकडे वळली. माफ कर म्हणायचं ती घरून ठरवून निघाली होती, ते बाहेर पडल्यावर आठवलं.

वालेंटी निवृत्त होईपर्यंत इस्पितळातच राहिला. गावातल्या लग्नांना आता शहरातून जेवण येतं. झेनेक रविवारी बहिणीकडे येतो. दोघं हवेबद्दल बोलतात, पोरीच्या शाळेबद्दल बोलतात. त्याला तिने माफ केलं. त्याचा खोटेपणा भीतीचा होता, हे तिला कळतं. आपण 'कुणी दिली?' असं का विचारलं नाही, याचं उत्तर मात्र तिला चांगलं माहीत आहे: भावाचं नाव निघेल ही भीती तिच्याही मनात होती. आणि ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.