अक्कांची वरची टाकी

अक्का रोज सकाळी कारखान्यात आल्या की ऑफिसात जाण्याआधी लोखंडी शिडी चढायच्या. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. शिडी पत्र्याच्या वर, तेलाच्या टाकीपाशी संपायची. टाकीच्या अंगावर तळवा टेकवून त्या क्षणभर उभ्या राहायच्या आणि वरूनच ओरडायच्या, “गार हाय! चालू द्या!”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तेव्हा बरेच प्लॉट मोकळेच होते. तिथे अक्कांनी कापड धुऊन, रंगवून, वाळवून देण्याचा कारखाना घातला होता. यजमान अण्णा कापडातले जाणते, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे त्यांची ये-जा. धाकटे दीर बापू मालाची ने-आण बघत. कारखाना मात्र अक्कांचा.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. चार दारांतून “बाईमाणूस हीटरवर कसं ठेवायचं?” हे ऐकून परतले होते. अक्कांनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “शिडी चढाय येती का?”

“येते.”

“मग उद्यापास्नं ये की.”

आठवड्याभरात त्या मला ‘तंगी’ म्हणू लागल्या. कर्नाटकाच्या सीमेकडच्या त्यांच्या माहेरी धाकट्या बहिणीला तंगी म्हणत.

आमच्या हीटरमध्ये बॉयलरसारखं पाणी नाही, तेल तापायचं. ते गरम तेल पाइपांतून फिरून कापड वाळवणाऱ्या लांबलचक मशीनला उष्णता द्यायचं. तापलं की तेल फुगतं. ते जादाचं तेल सामावून घ्यायला सगळ्यांच्या वर ही टाकी. तिच्यातलं तेल फिरत नाही, म्हणून ती हात टेकवण्याइतकी गार राहिली पाहिजे; वरच्या उघड्या पाइपातून तिथे तेलाला वारा लागतो आणि गरम तेल वाऱ्यानं खराब होतं. एवढं मी अक्कांना एकदाच सांगितलं होतं. पुढे कधी त्यांचा हात टाकीला लागल्याशिवाय दिवस उजाडला नाही.

हीटर पहिल्यांदा पेटवला तेव्हाचं सांगते. अण्णांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला चादरींचा शब्द दिला होता. पहिलीच मोठी ऑर्डर. ती गेली असती तर पुन्हा त्या बाजारात आम्हाला कोणी उभं केलं नसतं. ताग्यांनी गोदाम भरलेलं, म्हणून बापूंना घाई. मी नको म्हणत असताना त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. “कमी पडाय नको,” म्हणाले. हीटर तापला, तेल फुगलं आणि टाकीच्या वरच्या पाइपातून पत्र्यावर, पत्र्यावरून अंगणात धार लागली. मी धावत जाऊन बर्नर बंद केला.

अक्का अनवाणीच बाहेर आल्या. “तंगी, काय झालं गं?”

“तेल फुगलं अक्का. टाकीत जागाच नव्हती.”

“म्हंजे दूध उतू गेलं की!” त्या दिरांकडे वळल्या. “काय हो बापू, पातेलं गच्च भरून दूध कोण तापवतंय?”

कामगार हसले. बापूही हसले. तेल गार झाल्यावर टाकीत तळाच्या थोडं वर राहील एवढंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवला, तर पंप खडखडू लागला आणि दाबाचा काटा थरथरायला लागला. माझ्या लक्षात आलं. जोडकाम झाल्यावर पाइप पाण्यानं तपासले होते, त्यातलं पाणी आत राहिलं होतं.

“आच वाढवा,” बापू म्हणाले. “वाफ हून जाईल आपोआप. ट्रक उद्याच्याला येणार हाय.”

“वाढवली तर सगळ्या पाण्याची एकदम वाफ होईल,” मी म्हणाले, “आणि ती तापलेलं तेल घेऊन टाकीतनं उडेल. खाली माणसं आहेत. मंद आचेवर ठेवू, वाफ हळूहळू टाकीवाटे निघून जाऊ दे.”

“अवो, काल आल्याली पोरगी ही! तिचं ऐकून धंदा घालवायचा व्हय?”

सगळे अक्कांकडे बघू लागले. त्यांचा चेहरा उतरला होता. “किती थांबायचं, तंगी?”

“काटा स्थिर होईपर्यंत. आज का उद्या, ते नाही सांगता यायचं.”

त्या ऑफिसात गेल्या. मुंबईला फोनवर बोललेलं आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं, कारण अक्कांना हळू बोलता येत नसे. “ट्रक थांबवा… व्हय, मला ठावं हाय शब्द दिलाय त्यो. माझ्या आवारात माणूस भाजाय नको. हाय हे असं हाय.”

मग पंपासमोर खुर्ची टाकून त्या शेंगा फोडत बसल्या. दिवसभर टाकीच्या नळीतून पांढरी वाफ निघत राहिली. संध्याकाळी फुगून बसलेले बापू स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाफ विरली. पंपाचा आवाज एकसारखा झाला, काटा जागच्या जागी उभा राहिला.

“अक्का, आच वाढवू?”

“मला काय इचारतीस? तुझं काम हाय त्ये.”

मी वाढवली. तेल हवं तेवढं तापलं, काटा हलला नाही. मशीनची साखळी फिरू लागली. एका टोकानं ओलं कापड आत गेलं आणि दुसऱ्या टोकानं ताणलेलं, कोरडं, गरम गरम बाहेर आलं. अक्कांनी ते दोन्ही हातांनी उचलून गालाला लावलं. “आलं गं, तंगी! आलं!” शिट्ट्या, टाळ्या, आणि बापू पेढे आणायला स्कूटरवरून कागलकडे पळालेले. व्यापारी तोंड वाकडं करत थांबला होता खरा, पण माल हातात घेतल्यावर पुढची ऑर्डर तिथेच बोलला.

काही वर्षांनी मी शिरोलीत स्वतःची छोटी शेड टाकली. तापत्या तेलाच्या टाक्या, पाइप, जोडकाम. अक्कांना दुसरा हीटर बसवायचा होता. पुण्याचे मोठे ठेकेदार येऊन दर देऊन गेले होते. काम त्यांनी मला दिलं. माझ्याकडे दोन वेल्डर आणि उसनं यंत्र, हे मी त्यांना सांगितलं. “त्यो पयला हीटर पेटवलास तवा काय हुतं तुझ्याकडं?” एवढंच म्हणाल्या. तो हीटर पहिल्या दिवसापासून नीट चालला. मग अक्कांनी इचलकरंजीच्या ओळखीच्या कारखानदारांना एकेक करून फोन लावले. “तिची कामं बघा आधी, मग बोला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वर्षी दिवाळीपर्यंत माझ्या शेडमध्ये टाक्या ठेवायला जागा उरली नाही.

आता अक्का नाहीत. त्यांची आठवण आली की शेडवर पाटी लावली तो दिवस समोर येतो. मी पेंटरला माझ्या नावाची नुसती इंग्रजी आद्याक्षरं लिहायला सांगितली होती. अक्का गाडीतून उतरल्या, पाटी बघितली आणि पेंटरला शिडीवरून खाली बोलावलं.

“हे पुसा, पावणं. बाईचा कारखाना हाय ह्यो. सगळं नाव घाला, ठसठशीत.”

तो पुन्हा लिहीत होता तोवर त्या उन्हातच उभ्या होत्या. शेवटचं अक्षर झालं तशा रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, तिथून दिसतंय का बघायला. मध्ये ट्रक, टेम्पो, हॉर्न. त्या सगळ्याच्या वरताण आवाजात पलीकडून त्यांनी वाचलं, “सुलभा कदम!” आणि येणारे-जाणारे थांबून पाटीकडे बघू लागले.