हार घातलेली डिझेल गाडी

रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या डिझेल गाडीचं इंजिन विनाकारण चढत्या आवाजात ओरडू लागलं, की अजूनही माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जातो. घरचे हसतात. त्यांना मी त्या सकाळची हकीगत कधी नीट सांगितली नाही, कारण तिच्यात माझी एक चूक आहे.

लिहिण्याची मला सवय नाही. शिपाई म्हणून भरती झालो, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब तेवढे लिहिले. निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही साठी उलटल्यावर. भाषेत कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. नावं कोणाचीच देणार नाही.

तेव्हा मी अकोल्याला होतो. मे महिना होता. एका संध्याकाळी गाड्यांच्या काचा विकणारा एक दुकानदार ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी थोडा घुटमळला आणि मग माझ्याकडे आला.

"साहेब, एक इचारू का? एखाद्या गाडीच्या साऱ्याच काचा एकदम फुटतात का?"

"अपघात मोठा असला तर फुटतात."

"मंग काचेच्या कोपऱ्यातले आकडे घासून कोण मागते, सांगा बरं?"

त्याने मला समजावून सांगितलं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्यावरून काच कोणत्या वर्षाची ते कळतं. गाडी मूळची असेल तर सगळ्या काचांचं वर्ष जुळतं. जुनी गाडी घेणारा जाणता माणूस ते पाहतो. शहराबाहेरच्या एका शेडवरच्या माणसाने एका ताकदवान डिझेल गाडीसाठी त्याच्याकडून सगळ्या काचा नेल्या होत्या आणि खुणा घासून मागितल्या होत्या. त्याने नकार दिला, तर नेणारा म्हणाला, आमी घासून घेऊ.

"माह्या दुकानाचं नाव याच्यात आणू नका जी. मले धंदा कराचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दोन पंच घेऊन आम्ही त्या टिनाच्या शेडमध्ये पोहोचलो. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा व्यापारी, ज्याला सगळे शेठ म्हणत, तिथे नव्हता. त्याचा मिस्त्री होता. चाळिशीचा, मनगटावर वेल्डिंगच्या भाजल्याच्या खुणा. शेडच्या मागे एकाच बनावटीच्या दोन गाड्यांचे उरलेले तुकडे पडले होते. एकीचा चेपलेला समोरचा भाग, दुसरीचा चेपलेला मागचा भाग. एकीचा धड राहिलेला मागचा भाग आणि दुसरीचा समोरचा भाग जोडून तिसरी गाडी तयार झाली होती, हे कोणालाही दिसलं असतं. ती तिसरी गाडी मात्र जागेवर नव्हती.

पंचनामा केला. तुकडे मुद्देमाल म्हणून नोंदवले. कोपऱ्यात वाळलेल्या झेंडूच्या हारांचा ढीग होता, शेजारी नारळाच्या शेंड्या. त्याची मी नोंद केली नाही. केरकचरा समजलो.

आठ वाजता मिस्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं आणि मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. शेठ कुठे आहे? अशा किती गाड्या जोडल्या? चेसिस नंबर कोणी ठोकला? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

"शेठले माईत, साहेब. मी तं फक्त जोडतो."

नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. चोरी केलेला माणूस दाराकडे पाहतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. आमच्या हवालदाराच्याही ते लक्षात आलं.

"काहून रे, तुई बस सुटून राहिली का?"

"माही नाई जी," तो म्हणाला आणि खाली मान घातली.

हवालदार हसला. मीही हसलो. मला वाटलं, शेठचा वकील यायची वाट पाहत असेल. 'माझी नाही' म्हणतो, तर मग कोणाची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

नऊ वाजले. साडेनऊही उलटून गेले. मी जबाबाचे दोन कागद भरले होते आणि त्यांत कामाचं काहीच नव्हतं. तेवढ्यात ठाण्यातल्या तसबिरींना हार घालणारा फुलवाला रोजच्यासारखा आला. त्याच्या हातातला झेंडूचा हार पाहून मिस्त्रीचा चेहरा एकदम उतरला. मला शेडमधला तो ढीग आठवला.

"तुमच्या शेडमधी इतके हार कशाले लागतात रे?"

त्याने फुलवाल्याच्या हाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "शेठ म्हणते, गिऱ्हाइकाले मुहूर्त काढाले लावाचा. मुहूर्ताच्या आधी गाडी धुवाची, सुरू करून चांगली अर्धा तास गरम कराची. बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिकाचा सातिया काढाचा, हार घालाचा, नारळ फोडून ठेवाचा. पूजा झालेल्या गाडीचं बॉनेट कोणी उघडत नाई, साहेब. हार काढाले हात होत नाई कोणाचा."

माझे वडील बैलबाजारात जात तेव्हा लहानपणी मला सोबत नेत. सजवलेला बैल दिसला की ते आधी म्हणायचे, "झूल काढा, मंग बोलू." आणि उभा केलेला, चालवून आणलेला बैल ते कधी पाहत नसत. बसलेला बैल थंड अंगाने कसा उठतो ते पाहायचे. चालवून गरम केलं की लंगडेपणा लपतो. मी त्यांचा मुलगा, आणि दोन तासांपासून झुलीवरच प्रश्न विचारत होतो.

"हाराखाली काय होतं?" मी विचारलं.

मिस्त्रीने तोंडावर दोन्ही हात घेतले.

"इंजिनात हवा ढकलणारा टर्बो गेला होता, साहेब. ऑइल पिऊन राहिला होता. गाडी थंडी असताना सुरू केली का निळा धूर सोडे. मी त्याच्यात जाड ऑइल टाकलं, धूर दबला. वरून शेठनं पिकअपसाठी कम्प्युटरात सेटिंग वाढवून घेतली होती. शेडमधी एकडाव पळाली ते."

"पळाली म्हणजे?"

"इंजिन सोताचंच ऑइल ओढून पळते जी. मंग डिझेल बंद करा का चावी काढा, थांबतच नाई. चढत जाते, चढत जाते. आमी ओलं पोतं हवेच्या पाइपात कोंबलं तवा बंद पडली."

"एअरबॅग?"

"नुसतं झाकण हाय. आतमधी काई नाई. दिवा लागू नये म्हणून वायर जोडून देल्ली."

ठाण्यात माणसं बोलत होती, फोन वाजत होते, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "ती गाडी आत्ता कुठे आहे?"

त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजायला आले होते.

"अकोटच्या एका सरांनी नेली. ज्युनिअर कॉलेजवर हायेत. काल फोन आला होता त्यायचा. म्हणे, मिस्त्री, पिकअप मस्त हाय, पण धूर येऊन राहिला. उद्या नऊ वाजता बायकोले भातकुलीले माहेरी सोडाले जातो, बाळंतपणासाठी. आल्यावर दाखवतो." पुढचं तो खाली पाहून बोलला. "मी म्हणलं, काई नाई होत सर, या जाऊन."

आठ वाजता हा माणूस माझ्यासमोर होता. नऊ वाजता ती गाडी अकोटहून निघाली. मधला एक तास माझ्या हातात होता आणि तो मी शेठचा पत्ता विचारण्यात घालवला.

मिस्त्रीच्या मोबाइलवरून सरांना फोन लावला. घंटा वाजून बंद झाली. पुन्हा लावला. नियंत्रण कक्षाला कळवलं, वाटेवरच्या दर्यापूर ठाण्याला बिनतारी संदेश गेला, गाडीचा रंग आणि नंबर सांगितला. हवालदार दुसऱ्या फोनवर ओरडून ओरडून नंबर सांगत होता. गाडी चालवणारा माणूस फोन उचलत नाही, ही एरवी चांगली सवय. त्या दिवशी मी त्या सवयीला शिव्या दिल्या.

कितव्या वेळी ते आठवत नाही, पण फोन उचलला गेला. बाईचा आवाज होता आणि त्या आवाजामागे ते इंजिन. मी तसं काही त्याआधी ऐकलं नव्हतं. गाडी ओरडत होती, आणि थांबायच्या ऐवजी आवाज चढतच होता.

"बाबा, गाडी थांबत नाहीये हो! बाजूला घेतली, चावी काढली तरी थांबत नाहीये! सगळा धूर झालाय!" तिला वाटलं वडिलांचा फोन आहे.

मी पोलीस आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पुढे काय सांगायचं तेच मला माहीत नव्हतं. मी फोनचा स्पीकर लावला आणि मिस्त्रीपुढे धरला. आरोपीच्या हाती फोन द्यायचा नसतो, हे मला ठाऊक आहे.

मिस्त्री एका क्षणात बदलला. आवाज खणखणीत झाला.

"ताई, तुमी आधी उतरा. उतरा अन् दूर शेतात जा. फोन सरांजवळ ठेवा. सर, ऐकून राहिले का? बॉनेट उघडू नका, काई उघडू नका. ब्रेक दाबा. पुरा दाबा, दोन्ही पाय लागले तरी चालते. हँडब्रेक वढा. वढला?"

"हो! हो!"

"आता क्लच दाबा अन् सहावा टाका. पहिला नाई, सर. सर्वात वरचा. सहावा!"

"पडत नाहीये!"

"दम लावून टाका. पडते. ब्रेक सोडू नका."

आवाज इतका चढला होता की फोन फाटल्यासारखा करकरत होता. हवालदाराने कानांवर हात घेतले.

"पडला!"

"आता ब्रेकवरून पाय हलवू नका अन् क्लच एकदम सोडा. झटक्यानं. सोडा!"

एक धक्का ऐकू आला, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. मग काहीच नाही. मी फोनकडे पाहत होतो, फोन चालू होता. आमच्या खोलीतला पंखा तेवढा फिरत होता.

बऱ्याच वेळाने चिमण्यांचा आवाज आला. मग पावलं, मग त्या बाईचा श्वास.

"बंद पडली," ती म्हणाली. "हे ठीक आहेत. आम्ही झाडाखाली बसलो आहोत." थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्ही कोण बोलता, दादा? कोणी पाठवलं तुम्हाला?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं.

"मीच बनवली ताई ते गाडी," तो म्हणाला. "मले माईत होतं."

पोलिसांच्या ताब्यातल्या अशा कबुलीला कोर्टात किंमत नसते. ते वाक्य मी कागदावर घेतलंही नाही. गुन्हा शाबित झाला तो शेडमधल्या तुकड्यांवर, परिवहन कार्यालयाच्या तपासणीवर आणि डिकीतल्या गालिच्याखाली सापडलेल्या वेल्डिंगवर. शेठ आठवड्याभरात सापडला. मिस्त्रीलाही शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. पण मला आठवतो तो फोन धरलेला माणूस. चूक सांगायला त्याला दोन तास लागले आणि जीव वाचवायला दोन मिनिटं. मलाही योग्य प्रश्न विचारायला तेवढेच दोन तास लागले होते. म्हणून त्याच्याकडे बोट दाखवताना मी जरा अडखळतो.

त्याच दुपारी आम्ही गाडी ताब्यात घ्यायला दर्यापूरच्या पुढे गेलो. रस्त्याकडेला बाभळीखाली उभी होती. मागचा बंपर ऑइलने काळा झालेला. बॉनेटवर वाळलेला हार दोरीनिशी तसाच, त्याखाली कुंकवाचा सातिया. सर म्हणाले, "मी दोनदा गाडी धुतली, साहेब. सातियाभोवतीनं पुसून घेतली." शिकलेला माणूस, विज्ञान शिकवणारा. सांगताना त्यांना लाज वाटली. मी म्हणालो, लाज वाटू देऊ नका, मी तर हे सगळं केरकचरा म्हणून सोडलं होतं.

हार मी काढला. बॉनेट पहिल्यांदा उघडलं ते पंचांसमोर. टर्बोच्या पाइपात बोट घातलं, तर मुठीपर्यंत ऑइल.

त्यानंतर माझ्या तपासाची पद्धत बदलली. कोणी केलं, हा प्रश्न मी दुसरा ठेवला. पहिला प्रश्न, आत्ता या घटकेला धोक्यात कोण आहे. प्रशिक्षणात हे शिकवलं असेलही. माझ्या डोक्यात ते त्या सकाळी गेलं.

जुनी गाडी घेताना काय पाहावं, असं नातेवाईक मला विचारतात. मी तज्ज्ञ नाही. एवढंच सांगतो की न कळवता सकाळी जा, गाडी थंड असताना. मिस्त्री तुमचा न्या, विकणाऱ्याचा नको. पहिल्यांदा सुरू होताना मागे उभे राहा आणि धुराचा रंग पाहा. ऑइलचं झाकण उघडून पाहा, पाइप चाचपा, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का पाहा, काचांच्या खुणा जुळवा, मागचा गालिचा उचला. चेसिसचा नंबर कागदाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. पूजा नंतर करा. देव थांबतो.

मागच्या वर्षी मुलासाठी मी एक जुनी डिझेल गाडी पाहायला अमरावतीला गेलो. रात्री फोन केला नव्हता. पण आदल्या आठवड्यात बोलताना येण्याचा दिवस तोंडून निघाला होता, तेवढं विकणाऱ्याला पुरलं असावं. सकाळी साडेसहाला त्याच्या दारात उभा राहिलो. माणूस मोठा गोड होता.

"या काका, चहा घ्या. पाहा, कशी तयार करून ठेवली तुमच्यासाठी! पोराची पहिली गाडी हाय म्हणे."

अंगणात गाडी धुऊन उभी होती. समोर ताजा हार.

मी चहाला हो म्हटलं नाही. जवळ गेलो, हार थोडा बाजूला सारला आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

गरम होतं.

"पूजेसाठी सुरू केली होती काका, म्हणून," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि बसस्टँडकडे चालू लागलो.