बाईंनी फूल दिलेली मुलगी

सुहा गेली.
आणि मला रडू यायच्या ऐवजी लहान मुलांच्या एका मासिकाचा संताप येतोय.

सत्तरच्या दशकाचा शेवट. बहरीन, झिंजमधली आमची बिल्डिंग. खालच्या फ्लॅटमध्ये सुहा आणि तिची आई राहायला आल्या, जवळच्या एका देशातून पळून. देशाचं नाव लिहीत नाही. तिथे हुकूमशहा होता, एवढं पुरे.

सुहा माझ्याच वयाची. आमचं बोलणं तिनं बिल्डिंगमधल्या पोरांकडून उचललेल्या तोडक्यामोडक्या हिंदीत.

त्याच देशात छापलेलं एक मासिक आमच्या कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिकडच्या किराणा दुकानात, मिळायचं. रंगीत, गुळगुळीत, स्वस्त. मी चित्रांसाठी घ्यायचे.

आम्ही रत्नागिरीचे कोकणी मुसलमान. अरबी घडाघडा वाचणार, अर्थाच्या नावानं शून्य.

अम्मीला तर अरबी छापलेला कुठलाही कागद म्हणजे अल्लाचा कलाम. मासिक जमिनीवर दिसलं की डोळ्यांना लावून वरच्या फळीवर ठेवायची.
"पाय लागंल गो. गुना हाय."

एकदा सुहा वर आली. अम्मीनं कौतुकानं मासिक तिच्या हातात दिलं.
"पढ के सुना बेटी. क्या अच्छा बात लिखा है?"

चित्रात दोन वेण्यांची मुलगी. शाळेतल्या बाई तिला फूल देतायत.

सुहा पांढरीफटक पडली.

"इस लडकी का बाबा घर में लीडर को खराब बोला. लडकी टीचर को बताया. टीचर बोला, शाबाश."

मग हळूच म्हणाली, "मैं भी बताया. मेरे को भी फूल दिया."

"फिर?" मी विचारलं.

"फिर बाबा मफी."

मफी. म्हणजे नाही. दुकानात साखर संपली की दुकानदार म्हणतो तो शब्द.

अम्मीनं ते मासिक घेतलं आणि फाडलं. माझ्या अम्मीनं. अरबी अक्षरं. टराटरा.
मग सुहाला कुशीत घेऊन आमच्या बोलीत म्हणत राहिली, "तुझा काय गुना नाय गो पोरी."

गोष्टी सांगून लेकींना बापावर पाळत ठेवायला शिकवत होते. आणि चित्रं इतकी गोड!

सुहाचे बाबा कधीच परत आले नाहीत.

आज सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. शेवटी शेवटी सुहाला माणसं ओळखू येत नव्हती म्हणे. नर्स जवळ आली की तिचा हात घट्ट धरून एकच सांगायची,
"टीचर, माझे बाबा काहीच बोलले नाहीत."

कळलं गं, सुहा.
काहीच बोलले नाहीत ते.
नीज आता.