भिंत नको म्हणणारी आत्या

आमच्या आत्याला मत विचारू नये, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लोक विचारतात आणि तोंड पाडून जातात. ती शिवणकाम करते. फाटकाजवळच्या, समितीच्या मालकीच्या खोलीत तिचं दुकान आहे. "मी यात जाड दिसते का हो?" असं आरशासमोर कोणी विचारलं, की ती म्हणते, "दिसता. पण त्यात कपड्याचा दोष नाही." एवढं ऐकूनही बायका तिच्याकडेच येतात, कारण तिचा हात साफ आहे आणि मनात पाप नाही.

वसाहतीमागे कामगारांची वस्ती आहे. तिथली माणसं आमच्या गल्लीतून बसथांब्याकडे जातात. मध्यंतरी सायकली चोरीला गेल्या, तेव्हा ती वाट भिंत घालून बंद करायचं निघालं. सभेचे अध्यक्ष माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ. झाडून सगळ्यांचे हात वर गेले आणि आत्या उभी राहिली. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायका याच वाटेने येतात, त्यांनी एवढा वळसा का घालायचा, असं तिनं विचारलं. तिथेच थांबायचं ना! पण थांबली तर ती आत्या कसली. "सायकली आपल्याच पोरांनी विकल्या नसतील कशावरून?" असंही म्हणाली.

झालं. मोहोळ उठलं. वसाहतीच्या ग्रुपवर तिला घरभेदी ठरवलं गेलं. बायका कापड परत मागायला आल्या, पण ते बेतून झालं होतं, आणि दुसऱ्याने बेतलेल्या कापडाला कोणताही शिंपी हात लावत नाही. निमूटपणे मापाला येणं भाग पडलं. माप बसवताना आत्या ओठांत टाचण्या धरते. तेवढा वेळ तिला बोलता येत नाही, हे बायकांच्या लवकरच लक्षात आलं. हात वर करून उभ्या राहायच्या आणि तिला मनसोक्त सुनावायच्या. आत्या सगळं ऐकून घ्यायची, शेवटची टाचणी लावायची आणि विचारायची, "गळा जरा मोठा ठेवू का?"

माझा संताप व्हायचा. एकेकीला हाकलून दे म्हटलं, तर म्हणाली, "मी बोलले तेव्हा त्यांनी ऐकलंच की. आता माझी पाळी."

मग वसाहतीतल्या हार्डवेअरवाल्याने मागणी केली की तिनं सभेत माफी मागावी, नाहीतर दुकान खाली करावं. दुकान गेलं तर आत्या खाणार काय, हा विचार त्याला शिवलाही नसावा.

सभेत ती म्हणाली, "मत चुकलं असं वाटलं की माफी मागेन. अजून वाटलेलं नाही." हार्डवेअरवाला उठला, तशी आम्ही मागच्या रांगेतल्या पोरापोरींनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. आत्या आमच्यावरच उखडली. "गप बसा. त्याला बोलू द्या." तो बोलला, अगदी दम लागेपर्यंत बोलला. ती त्याच्याकडे बघत ऐकत राहिली. मग मतं घेतली. दुकान कसंबसं वाचलं. भिंतीचा ठराव मात्र कायम राहिला. बाबांनी सगळ्यांचे हात मोजले, स्वतःचा टेबलावरच ठेवला.

घरी येताना आम्ही तिघंच होतो. बाबा म्हणाले, "मी तुझ्याविरुद्ध हात वर केला नाही हं, ताई."

"बाजूनेही नाही केलास. विरुद्ध केला असतास तरी चाललं असतं मला. तुझं काय म्हणणं आहे ते तरी कळलं असतं."

बाबांनी मागे वळून पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग अगदी हळू म्हणाले, "मलाही ती भिंत नको होती."

आत्या उभीच राहिली. इतके दिवस लोकांची बोलणी खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

"मग हे सभेत का नाही बोललास रे?" तिनं विचारलं.