स्वयंपाकघराची भिंत

रस्ता रुंद करताना आमचं अर्धं घर गेलं. पुढची बैठक गेली, तिच्यामागचं स्वयंपाकघर गेलं. पाडायच्या दिवशी माय चुलीच्या जुन्या जागेपाशी बसून होती, हलेना. बाहेर जेसीबी सुरू. शेवटी मीच तिला हाताला धरून उठवलं.

स्वयंपाकघराची मागची भिंत तेवढी उभी राहिली आणि तिची आतली बाजू थेट रस्त्यावर आली. मायचा कोनाडा, मांडणीचे खिळे आणि चुलीच्या जागेवरचं काळं. गॅस येऊन जमाना झाला, पण कितीदा चुना मारला तरी ते काळं बिलकुल जायचं नाही.

उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी राहू लागलो. मायनं रस्त्याकडनं जाणंच सोडलं. दळण, दवाखाना, सगळं मागच्या बोळातून. मी चिडायचे. "अगं, भिंतच हाय ती. कोण बघतंय?"

"समदे बघून राह्यलेत. माझ्या चुलीपाशी कधी परका माणूस आल्ता का? आता बसमधून बघतेत." आणि तोंडाला पदर लावायची. मला राग यायचा आणि रडूही.

यंदा जालन्यात भिंती रंगवायचं खूळ निघालं. कुठं मोर, कुठं वाघ. रंगवणारी पोरंपोरी आमच्या रांगेला आली, तेव्हा मीच चहा घेऊन गेले. म्हटलं, "बाबांनो, पोपट काढा, हत्ती काढा, काहीही काढा, पण हे काळं झाका."

त्यांच्यातली एक पोरगी भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "मावशी, हे तर किती छान आहे!" म्हटलं, झालं, हिचं डोकं फिरलंय.

त्या आठवड्यात शाळेच्या प्रशिक्षणाला मी घनसावंगीला होते. परत येऊन बघते तर काय! काळ्याच्या बरोबर खाली चूल काढलेली, चुलीपुढं हिरव्या लुगड्यातली बाई भाकरी थापत बसलेली, आणि आमचाच धूर तिच्या चुलीतून वर चाललेला. कोनाडासुद्धा तसाच ठेवलेला. माझं डोकंच सणकलं.

"झाका म्हटलं, तर तुम्ही बाईच आणून बसवली!"

पोरगी रडवेली झाली. "उद्या पांढरा रंग मारून टाकते," म्हणाली.

मायला सांगावंच लागलं. तिनं पदर सारखा केला आणि बोळाकडं न वळता रस्त्याकडं निघाली. मी मागं धावले.

चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला निघालेलं एक कुटुंब त्या बाईपुढं उभं राहून फोटो काढत होतं. मायनं त्यांचं होऊ दिलं. मग जवळ जाऊन तिनं बाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पुसायची न्हाई," ती म्हणाली. "बराबर जागेवर बसली हाय."

"माय, अख्खं गाव बघतंय की!"

"बघू दे." तिनं चुलीपाशी हात नेला, पण रंगाला लावला नाही. माझ्याकडं न बघताच विचारलं, "हिला तर कोनी उठवणार न्हाई ना?"

माझ्या तोंडाला गल्ली भिते. पण तेव्हा नुसती 'नाही' म्हणून मान हलवली.

माय हळूच खाली टेकली, त्या बाईच्या शेजारी, रस्त्याच्या कडेला. गाड्या जात होत्या, माणसं बघत होती. ऊन कलेपर्यंत ती तिथंच होती. मी तिला उठ म्हटलं नाही.