पान हिरवं होतं

"त्याला स्वल्प अंधारात बसू दे, मग विचार."

अक्कांचं, म्हणजे माझ्या वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंचं, हे माझ्या पहिल्या दिवशीचं वाक्य. 'त्याला' म्हणजे घेवड्याच्या पानाला. बेंगळूरला हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत पिकांना मुद्दाम तापवतात आणि पानांचं प्रकाशसंश्लेषण कुठं कोलमडतं ते मोजतात. मोजण्याआधी पानाला काळी क्लिप लावून थोडा वेळ अंधारात ठेवावं लागतं. उजेडातून आलेल्या पानाला लगेच विचारलं तर ते काहीबाही सांगतं, असं अक्कांचं म्हणणं. मी पुण्याहून नवा आलेलो, घायकुता. मला तो नुसता खोळंबा वाटायचा.

माणसांनाही त्या हाच नियम लावत. येलहंक्याहून येताना रहदारीत अडकून मी फणफणत पोचलो की त्या अवाक्षर बोलायच्या नाहीत. कॉफीचा पेला पुढं सरकवायच्या. तो रिकामा झाला की, "हं, आता बोल." तोवर राग निम्मा विझलेला असायचा आणि भांडणाची सगळी मजाच जायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी धड भांडताही येत नाही.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी घेवड्याच्या एकाच वाणात घातली. तापलेल्या दुपारीही ज्याचं पान काम करत राहील असा वाण त्यांना हवा होता. निवृत्तीआधीचा तो शेवटचा उन्हाळा. चाचणीत वाण उतरला तर तो शेतकऱ्यांच्या रानात जाणार, नाहीतर प्रकल्प बंद. अक्का थकल्या होत्या. गरम खोलीतून बाहेर आल्या की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

"दमलात का, अक्का?"

"मी दमले तर चालतंय रे. झाडं दमली नाहीत ना, ते बघ."

चाचणी संपली तेव्हा बाकीचे वाण करपले होते आणि अक्कांचा हिरवागार उभा होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या विभागाच्या साहेबांनी फोटो काढले. अक्कांनी क्लिपा लावल्या, थांबल्या, मोजलं. पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसल्या.

"रंग टिकलाय. आतली चूल विझलीय."

पान हिरवं होतं, पण अन्न करणं त्यानं सोडलं होतं. गार खोलीत आणूनही ते सावरलं नाही. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, 'हिरवेपणा टिकला' एवढंच लिहू. त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही. पण शेतकरी पानं विकत नाही, शेंगा विकतो. सरी, ठीक आहे, नापास लिहा."

आता त्या सर्जापूर रोडला लेकीकडं असतात. गरम खोलीत टोमॅटो आहेत आणि क्लिपा मी लावतो. दमून बसलो की मला आठवतो तो चाचणीनंतरच्या दिवशीचा त्यांचा डबा.

डब्यात त्याच वाणाची, गार खोलीत न तापवता ठेवलेल्या झाडांच्या शेंगांची भाजी होती, वर ओलं खोबरं. इतकी वर्षं प्रत्येक शेंग बियाण्यासाठी राखलेली, कुणाला हात लावू दिला नव्हता. आता ते बियाणं कुणालाच नको होतं. मला फार वाईट वाटलं. आम्ही वाढून घेतलं.

"कशी आहे?"

"छान झालीय, अक्का."

"माझ्या हाताची चव नको सांगू. बीन्स कसे आहेत?"

"कोवळे आहेत. गोड आहेत."

त्या डब्याकडं बघत राहिल्या. "मी कधी खाल्लेच नव्हते रे," म्हणाल्या आणि पहिला घास घेतला.