खिशातले स्क्रू

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढण्याआधी सुतारकाकांनी दोन्ही खिशांत मूठमूठ स्क्रू भरले. साठी उलटली तरी अक्कल वेळेवर येतेच असं नाही. कर्करोगाने त्यांची भूक मेली होती, दंडांच्या काड्या झाल्या होत्या, आणि वजन आणखी घटलं तर पुढचं औषध थांबवू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका काट्यावर चढले आणि खिसे खुळखुळले.

"काका, औषधाचा डोस वजनावर ठरतो!" आहारतज्ज्ञ बाई कडाडल्या. "फसवताय कुणाला?"

"मग करू काय? ही ताट शिगोशीग भरते. बघूनच पोटात ढवळतं."

शेजारी उभ्या काकू तडकल्या, "उपाशी ठेवू का तुम्हाला?"

"ताट बंद," बाई म्हणाल्या. "मळमळीची गोळी आधी घ्या, मग दर दोन तासांनी बशीभर खा. अंडं, दही, असं कसदार. आणि रोज खुर्चीतून दहादा उठा-बसा. नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत."

काकांना हे पटलं. फळी काही एका फटक्यात गुळगुळीत होत नाही. रंधा पातळ पातळच सोलतो. कामाच्या खोलीत भिंतीवर त्यांनी खडूने वेळा लिहिल्या आणि भूक असो-नसो, बशी रिकामी केली. पंधरवड्याने रंधाही हातात धरला.

महिन्याने काटा सव्वा किलो वर गेला. औषध चालू राहणार होतं! काकूंचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? अकरा वाजले," काका गरजले. "आधी डब्यातलं अंडं सोल!"